नववर्षाच्या रात्री नाकाबंदीत सापडलेल्या वाचकास : न्यायालयात कबुली देण्यापूर्वी

कोथरूड येथील एका वाचकाने विचारलेल्या प्रश्नाचा सारांश असा. ३१ डिसेंबरच्या रात्री मुंढव्याहून मित्राकडचा कार्यक्रम आटोपून ते वडिलांच्या मोटारीने घरी परतत असताना म्हात्रे पुलाजवळच्या नाकाबंदीत पोलिसांनी त्यांना थांबवले. यंत्रात फुंकर मारल्यावर ६२ हा आकडा आला. छापील पट्टीवर त्यांची सही घेतली गेली, लायसन्स जमा झाले आणि मोटार रात्रभर पोलिसांच्या ताब्यात राहिली. ती दुसऱ्या दिवशी वडिलांनी सोडवून आणली. पोलिसांनी त्यांना अटक केली नाही, पण शिवाजीनगर न्यायालयात हजर राहण्याची तारीख लिहून दिली. १ जानेवारीच्या दुपारी त्यांनी खासगी प्रयोगशाळेत रक्त तपासून घेतले असून त्या अहवालात मद्यांश शून्य आहे. न्यायालयाच्या आवारात भेटलेला एक मध्यस्थ 'पंधरा हजारांत सगळे मिटवून देतो, तुम्हाला यायचीही गरज नाही' असे सांगतो. सहकाऱ्यांचे म्हणणे असे, की वैद्यकीय तपासणी झालेली नसल्यामुळे खटला टिकणारच नाही. मार्चमध्ये कंपनी त्यांना जर्मनीला पाठवणार आहे आणि त्यापूर्वी पारपत्राचे (पासपोर्टचे) नूतनीकरण व्हायचे आहे. गुन्हा कबूल करावा की लढावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

आपले पत्र मी दोनदा वाचले. त्यात 'चलन' हा शब्द अनेक ठिकाणी आला आहे आणि माझ्या मते आपल्या बऱ्याचशा गोंधळाचे मूळ तिथेच आहे. सिग्नल तोडला किंवा हेल्मेट घातले नाही, तर ठरलेली रक्कम भरून प्रकरण संपते, कारण मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २०० नुसार ते गुन्हे तडजोडपात्र आहेत. मद्यप्राशन करून वाहन चालवण्याचा कलम १८५ खालील गुन्हा त्या यादीत नाही. म्हणून तो चौकात पैसे भरून मिटत नाही, ऑनलाइन भरणा करून मिटत नाही, आणि तडजोडपात्र नसलेले गुन्हे लोकअदालतीच्या अधिकारकक्षेबाहेर असल्याने तिथे निम्म्या रकमेत मिटवण्याचा प्रश्नही उद्भवत नाही. हा फौजदारी खटला आहे. त्याचा निकाल न्यायदंडाधिकारीच देतील आणि दोषी ठरल्यास तो निकाल आपल्या नावावर राहील.

शिक्षेबद्दल थोडक्यात सांगतो. रक्तातील मद्यांश १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असल्यास पहिल्या गुन्ह्यासाठी ६ महिन्यांपर्यंत कारावास, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. त्यानंतरच्या गुन्ह्यासाठी २ वर्षांपर्यंत कारावास, किंवा १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी पहिल्या गुन्ह्याचा दंड '२,००० रुपयांपर्यंत' होता. आता १०,००० ही ठरलेली रक्कम आहे, त्यामुळे 'साहेबांना विनंती करून दंड कमी करून घेऊ' या आश्वासनात फारसा अर्थ उरलेला नाही. नाताळ किंवा ३१ डिसेंबरसाठी कायदा वेगळा नसतो. त्या दिवसांत नाकाबंद्या वाढतात, इतकेच. पहिल्या गुन्ह्यात, अपघात झालेला नसताना, न्यायालय केवळ दंडावर थांबू शकते. पण कारावासाचा अधिकार कायद्याने त्याच न्यायालयाला दिलेला आहे, हे विसरून तारखेला जाऊ नये.

आता सहकाऱ्यांच्या सल्ल्याकडे वळतो, कारण तो अर्धवट खरा आहे आणि अर्धवट खऱ्या सल्ल्यानेच लोक जास्त अडचणीत येतात. कलम २०२ मध्ये दोन तासांची अट आहे, ही गोष्ट बरोबर. कलम १८५ च्या गुन्ह्यासाठी अटक केलेल्या व्यक्तीची अटकेपासून दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी, अन्यथा तिला कोठडीतून सोडावे लागते. पण आपल्याला अटकच झाली नाही, त्यामुळे ही अट आपल्याला लागू होत नाही; आणि जिथे लागू होते तिथेही तिचा परिणाम कोठडीतून सुटका एवढाच आहे, खटला रद्द होणे नव्हे. रक्ततपासणीशिवाय दारूचा आरोप सिद्ध होत नाही, असे सांगताना बहुधा सर्वोच्च न्यायालयाच्या १९७१ च्या बच्चूभाई करियानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालाचा आधार घेतला जातो. त्या प्रकरणात तोंडाला येणारा वास, अडखळती चाल आणि विस्फारलेल्या बाहुल्या यांवरून डॉक्टरांनी मत दिले होते, आणि रक्त किंवा लघवीची तपासणी नसताना तेवढ्यावर निष्कर्ष काढणे न्यायालयाला मान्य झाले नाही. आपल्या बाबतीत यंत्राने मोजलेला आकडा आहे. कलम १८५ स्वतःच श्वासचाचणी 'किंवा' प्रयोगशाळेतील चाचणी असा पर्याय देते आणि कलम २०३ नुसार श्वासचाचणीचा निष्कर्ष पुराव्यात ग्राह्य आहे. चाचणीला नकार दिला असता तर काही बिघडले नसते, असेही आपल्याला कोणी सांगितले असेल. तसे नाही. वाजवी कारणाशिवाय दिलेला नकार कलम २०५ नुसार आरोपीच्या विरोधात जाणारी परिस्थिती मानता येतो, शिवाय नकार देणाऱ्यावर मद्यप्राशनाचा सबळ संशय असल्यास त्याला जागेवरच अटक करता येते.

१ जानेवारीच्या दुपारचा प्रयोगशाळेचा अहवाल आपल्या उपयोगाचा नाही, हे मला स्पष्टच सांगावे लागेल. शरीर मद्य सतत जाळत असते. सर्वसाधारण माणसाच्या रक्तातील प्रमाण तासाला सुमारे १५ मिलिग्रॅमने उतरते, असे धरले जाते. या हिशेबाने मध्यरात्रीनंतरचे ६२ पहाटेपर्यंत शून्याजवळ येणारच होते. त्यामुळे दुपारचे शून्य हे रात्रीच्या आकड्याला खोटे पाडत नाही. हा अहवाल न्यायालयात पुढे केला, तर उलटतपासणीत तो आपल्यावरच उलटेल.

मग पाहण्यासारखे काहीच नाही का? आहे, आणि ते कागदावर आहे. तारखेपूर्वी वकिलामार्फत अर्ज करून खटल्याच्या कागदपत्रांची प्रत मिळवावी आणि ज्या छापील पट्टीवर आपण सही केली ती नीट पाहावी. तिच्यावर यंत्राचा क्रमांक, दिनांक, वेळ, आपले नाव किंवा लायसन्स क्रमांक आणि वाचन, म्हणजे यंत्राने दाखवलेला आकडा, असतो. ती वेळ नाकाबंदीच्या नोंदीशी जुळते का? फुंकर मारण्यापूर्वी यंत्र शून्यावर असल्याची नोंद आहे का? यंत्राची अंशशोधन तपासणी, म्हणजे ते अचूक आकडा दाखवते का याची पडताळणी, केव्हा झाली, याचा कागद जोडलेला आहे का? शेवटचा घोट आणि चाचणी यांत पंधरा-वीस मिनिटेही गेली नसतील, तर तोंडात राहिलेल्या मद्यामुळे आकडा फुगू शकतो; पण आपण मुंढव्याहून म्हात्रे पुलापर्यंत गाडी चालवत आला होता, त्यामुळे हा मुद्दा आपल्या उपयोगी पडेल, असे मला वाटत नाही. वाचन ३४ किंवा ३६ असते, तर यंत्राच्या अचूकतेवर लढण्यात अर्थ होता. ६२ हे मर्यादेच्या दुपटीहून अधिक आहे आणि 'दोनच पेग घेतले होते' हे आपल्या पत्रातील वाक्य न्यायालयात बचाव ठरत नाही, कारण कायदा पेग मोजत नाही, रक्तातील प्रमाण मोजतो.

म्हणून माझा सल्ला असा. कागदपत्रे पाहिल्यावर त्यांत ठळक दोष आढळला तर जरूर लढावे. नाही तर स्वतः हजर राहून गुन्हा कबूल करावा. मात्र कबुली देण्यापूर्वी आरोपात कोणकोणती कलमे लावली आहेत, ते वाचून घ्यावे. कलम १८५ च्या जोडीला भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ (बेदरकारपणे वाहन चालवणे) किंवा परवान्याशिवाय मद्यप्राशन केल्याबद्दल महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाचे कलम घातलेले असू शकते, आणि 'मान्य आहे' हा शब्द त्या सगळ्यांना लागू होतो. कबुलीनंतर झालेल्या दोषसिद्धीविरुद्ध अपिलाचा मार्ग जवळजवळ बंद होतो. शिक्षेचे प्रमाण आणि तिची वैधता एवढ्यापुरतेच अपील राहते. पहिलाच गुन्हा, अपघात नाही, तपासात सहकार्य केले, ही कारणे मांडून अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ खाली समज देऊन सोडण्याची विनंती आपला वकील करू शकतो. ती मान्य करणे न्यायालयाच्या मर्जीवर आहे, परंतु मान्य झाल्यास त्या कायद्याच्या कलम १२ मुळे दोषसिद्धीला चिकटणारी अपात्रता लागत नाही. एवढ्या एका कारणासाठीही ती विनंती करून पाहावी.

मध्यस्थापासून मात्र दूर राहावे. तो पंधरा हजारांत जे 'मिटवतो' त्याचा अर्थ बहुतेक वेळा असा असतो, की तो आपल्या वतीने कबुलीच नोंदवण्याची व्यवस्था करतो, ती कोणत्या कलमांखाली नोंदली गेली हे आपल्याला कळत नाही, आणि निकालाची प्रतही हातात येत नाही. कित्येक लोक 'माझ्यावर कधी खटला झालाच नाही' अशा समजुतीत पुढची पाच वर्षे काढतात, हे मला फार क्लेशदायक वाटते. वकीलपत्र घेतलेल्या, सनद असलेल्या वकिलालाच नेमावे आणि निकालाची प्रमाणित प्रत घेऊन ठेवावी. समन्स आले नाही म्हणून निर्धास्त होणेही चुकीचे ठरेल, कारण अशा गुन्ह्याची दखल घेण्यासाठी न्यायालयाला एक वर्षाची मुदत असते.

जर्मनीच्या दृष्टीने विचार केला, तर खटला लांबणे हीच आपली खरी अडचण आहे. पारपत्र अधिनियमाच्या कलम ६(२)(च) नुसार फौजदारी न्यायालयात प्रकरण प्रलंबित असल्यास पारपत्र नाकारता येते; अशा वेळी २५ ऑगस्ट १९९३ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेप्रमाणे त्याच न्यायालयाची परवानगी आणावी लागते. याउलट, दोषसिद्धीमुळे पारपत्र नाकारण्यासाठी नैतिक अधःपतनाचा गुन्हा आणि किमान दोन वर्षांची शिक्षा लागते, ही तरतूद केवळ दंडाने लागू होत नाही. म्हणजे मार्चपूर्वी निकाल लागणे आपल्या हिताचे आहे. पुढे व्हिसाच्या किंवा नोकरीच्या अर्जात दोषसिद्धीबद्दल विचारले असेल तिथे खरे उत्तर द्यावे आणि प्रमाणित प्रत जोडावी. दहा हजारांच्या दंडामुळे सहसा कोणाची संधी जात नाही, पण लपवलेली माहिती नंतर उघडकीस आली तर जाते.

आता लायसन्सबद्दल. या बाबतीत मला आपली सर्वांत जास्त काळजी वाटते. 'पावती जवळ आहे, त्यामुळे गाडी चालवतो आहे' असे आपण लिहिले आहे. ते आजच थांबवावे. इतर गुन्ह्यांत जप्त लायसन्सची पावती वाहन चालवण्यास पुरते, पण कलम २०६(४) खाली, म्हणजे मद्यप्राशनासारख्या गुन्ह्यात घेतलेल्या लायसन्सची पावती तसा अधिकार देत नाही, असे कायद्यातच लिहिले आहे. हे लायसन्स परवाना प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या बाबतीत आरटीओकडे जाते. तिथे आपले म्हणणे ऐकून घेऊन, लेखी कारणे देऊन, पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिने अपात्र ठरवता येते. दुसऱ्या वेळी लायसन्स रद्द होते. ही कार्यवाही न्यायालयातील खटल्यापासून वेगळी आहे, त्यामुळे दंड भरला म्हणजे ती संपत नाही. नोटीस आली की लेखी उत्तर द्यावे, सुनावणीस हजर राहावे, आणि आदेश विरोधात गेल्यास ३० दिवसांत अपील करता येते. अपात्रतेच्या काळात वाहन चालवणे हा कलम १८२ खाली स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला तीन महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो.

वडिलांना काही होईल का, असे आपण शेवटी विचारले आहे. आपण मद्य घेतले आहे हे ठाऊक असूनही गाडी हाती दिली असती, तर कलम १८८ खाली अपप्रेरणेचा, म्हणजे गुन्ह्याला साहाय्य केल्याचा, प्रश्न आला असता. आपण सायंकाळी घरून निघाला होता, त्यामुळे तो येत नाही. पण विम्याची बाब त्यांनाही सांगून ठेवावी. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये इफ्को टोकियो विरुद्ध पर्ल बेव्हरेजेस या प्रकरणात असे ठरवले, की श्वासाची किंवा रक्ताची चाचणी झालेली नसली तरी इतर पुराव्यावरून चालक मद्याच्या अमलाखाली होता हे सिद्ध झाल्यास विमा कंपनी मोटारीच्या नुकसानीचा दावा नाकारू शकते.

अपघात झाला असता तर मी हे उत्तर अगदी वेगळे लिहिले असते. नोव्हेंबर २००६ मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेले सात कामगार मद्यधुंद चालकाच्या मोटारीखाली मेले. त्या प्रकरणात आरोप निष्काळजीपणापुरता राहिला नाही, तर सदोष मनुष्यवधाचा झाला, आणि तीन वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कायम केली. तिथेही चालक एका कार्यक्रमाहून परतत होता. आपल्या पत्रात 'पोलिसांनी सणाची रात्र खराब केली' असे वाक्य आहे. ते न्यायालयात किंवा आरटीओच्या लेखी उत्तरात कुठेही येऊ देऊ नये, आणि शक्य झाल्यास मनातूनही काढून टाकावे, एवढी माझी विनंती आहे. कागदपत्रांची प्रत हाती आल्यावर त्यातील कलमे आणि छापील पट्टीवरील नोंदी कळवाव्यात, म्हणजे कबुलीच्या प्रश्नावर याहून नेमके उत्तर देता येईल.