सत्तराव्या किलोमीटरनंतर पोटरीत येणारा गोळा

प्रश्न : माझे वय 42 असून गेली दोन वर्षे मी नियमित सायकल चालवतो. रोजच्या तीस किलोमीटरमध्ये मला काहीच त्रास होत नाही. परंतु सुटीच्या दिवशी मित्रांबरोबर शंभर किलोमीटरची फेरी केली की सत्तर किलोमीटरच्या पुढे, बहुधा एखाद्या चढावर, उजव्या पोटरीत गोळा येतो आणि थोड्या वेळाने मांडीची मागची बाजूही आखडते. मी दर तासाला पाऊण लिटर पाणी पितो आणि त्यात इलेक्ट्रोलाइटची पावडर घालतो, तरी फरक पडलेला नाही. मिठाचे प्रमाण आणखी वाढवावे का?

उत्तर : मीठ वाढवण्यापूर्वी आपल्याच पत्रातील दोन गोष्टी आपण पुन्हा वाचाव्यात, अशी माझी विनंती आहे. एक म्हणजे सवयीच्या तिपटीहून अधिक अंतर आणि दुसरी म्हणजे चढ. शरीरातील क्षार कमी झाल्यामुळेच गोळा येत असता, तर तो कोणत्याही स्नायूत यायला हवा होता, कारण रक्त सगळीकडे तेच फिरते. आपल्याला मात्र तो एकाच पायात, सर्वाधिक राबलेल्या स्नायूत आणि तोही चढावर येतो.

मिठाची समजूत निराधार नाही. 1920च्या दशकात ब्रिटनमधील उष्ण, खोल कोळसाखाणींत घामाने निथळून नुसते पाणी पिणाऱ्या मजुरांना तीव्र पेटके येत, आणि पाण्यात थोडे मीठ घातल्यावर ते कमी होत, असे तेव्हाच्या अभ्यासकांनी नोंदवले होते. तासन्‌तास प्रखर उन्हात सायकल चालवणाऱ्याला आणि ज्याच्या कपड्यांवर घाम वाळल्यावर पांढरे पट्टे उमटतात, अशा माणसाला हे आजही लागू पडू शकते. मात्र सायकलस्वारांच्या बहुसंख्य पेटक्यांचा उलगडा त्याने होत नाही.

आज अधिक ग्राह्य मानली जाणारी मांडणी दक्षिण आफ्रिकेतील मार्टिन श्वेल्नस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 साली केली. स्नायूमध्ये ताण ओळखणारे सूक्ष्म संवेदक असतात, जे स्नायू ताणला गेला की त्याला आकुंचनाचा संदेश मिळवून देतात. उलट कंडरेमधील, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोरीमधील, संवेदक जोर फार वाढला की मज्जारज्जूमार्फत आकुंचनाला लगाम घालतात. स्नायू थकला की पहिल्यांची धडपड वाढते आणि दुसऱ्यांचा लगाम सैल होतो, त्यामुळे स्नायूला आखडण्याचा हुकूम मिळत राहतो व सुटण्याचा मिळत नाही. याच संशोधकांच्या गटाने 2011 साली आयर्नमॅन या पोहणे, सायकल आणि धावणे अशा लांब पल्ल्याच्या तिहेरी स्पर्धेतील 210 स्पर्धकांची पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यात पेटके आलेले आणि न आलेले यांच्यातील फरक शरीरातील पाण्याच्या किंवा रक्तातील सोडियमच्या घटीत नव्हता. ज्यांना पूर्वी पेटके आले होते आणि जे अधिक वेगाने स्पर्धा करत होते, त्यांना ते आले.

दुसरी महत्त्वाची बाब अशी की, आखूड स्थितीत काम करणाऱ्या स्नायूत गोळा लवकर येतो, कारण तेव्हा कंडरेवर ताण कमी असतो आणि मघाशी सांगितलेला लगाम आणखी ढिला पडतो. पोटरीचा मोठा स्नायू गुडघा आणि घोटा अशा दोन सांध्यांवरून जातो, मांडीच्या मागचे बहुतेक स्नायूही दोन सांध्यांवरून जातात. सायकलवर आपली ही मंडळी शेकडो वेळा अर्धवट आखूड अवस्थेतच जोर लावत असतात. त्यात सीट प्रमाणापेक्षा उंच असेल, तर पॅडल खाली गेल्यावर पाय पोहोचवण्यासाठी आपण नकळत टाच उचलतो आणि बोटे खाली रोखतो. माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या एका सायकलपटूने बाजूने चित्रित केलेली आपली फीत दाखवली, तेव्हा पहिल्या दहा मिनिटांत त्याचे पाऊल जवळजवळ आडवे होते. दोन तासांनंतरच्या भागात मात्र प्रत्येक फेऱ्यात त्याची टाच वर चढलेली आणि कंबर सीटवर डावी-उजवीकडे हेलकावत असलेली स्पष्ट दिसत होती. सीट सुमारे एक सेंटिमीटर खाली घेतल्यावर पुढच्या लांब फेरीत त्याची पोटरी शांत राहिली. सर्वांच्याच बाबतीत हे इतके सरळ घडत नाही, पण तपासायला खर्च नाही आणि वेळही फार लागत नाही.

आपण असे करावे : भिंतीला धरून सीटवर बसावे, टाच पॅडलवर ठेवावी आणि पॅडल अगदी खाली न्यावे, कंबर न हलता पाय जेमतेम सरळ झाला, तर उंची ठीक समजावी. नेहमीप्रमाणे चवडा पॅडलवर ठेवल्यावर याच स्थितीत गुडघा साधारण 25 ते 35 अंश वाकलेला असावा. बदल एका वेळी 3 ते 5 मिलिमीटरचाच करावा आणि जुन्या उंचीवर चिकटपट्टीची खूण ठेवावी, कारण स्मरणावर विसंबले की दोन आठवड्यांनी मूळ जागा सापडत नाही. बुटांना क्लीट, म्हणजे बूट पॅडलमध्ये अडकवणाऱ्या तळाच्या पट्ट्या, असतील, तर त्या किंचित टाचेच्या दिशेने सरकवल्याने पोटरीवरचा भार कमी होतो. उजव्याच पोटरीत गोळा येत असल्याने त्या बुटाची क्लीट डावीपेक्षा पुढे तर बसलेली नाही ना, हे आवर्जून पाहावे.

चढावर जड गिअर लावून मिनिटाला पॅडलचे पन्नास-साठ फेरे रेटण्यापेक्षा हलका गिअर घेऊन ऐंशीच्या आसपास फेरे राखणे पायांना पुष्कळ सुखावह ठरते, कारण प्रत्येक फेऱ्यातला जोर कमी होतो. तीसवरून थेट शंभरवर उडी मारण्याऐवजी काही आठवडे मधले टप्पे घ्यावेत आणि चढावर मित्रांच्या वेगाला बांधून न घेता स्वतःचा वेग धरावा. आठवड्यातून दोनदा पायरीच्या कडेवर उभे राहून एका पायाने टाच वर-खाली करण्याचा व्यायाम करावा. पाण्याबाबत आपले प्रमाण मला पुरेसे वाटते. खात्री करायची असेल, तर फेरीच्या आधी व नंतर वजन करावे. नंतरचे वजन वाढलेले आढळले, तर आपण गरजेपेक्षा जास्त पीत आहात. हे दुर्लक्षिण्यासारखे नाही, कारण घामापेक्षा अधिक पाणी प्यायल्याने रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

प्रश्न : गोळा आल्यावर त्याच क्षणी काय करावे? मागच्या वेळी मी सायकलवरून उतरताना पडता पडता वाचले.

उत्तर : लगेच उतरण्याची घाई करू नये. जोर काढून घ्यावा, हलका गिअर लावावा, रहदारी पाहून बाजूला यावे आणि गोळा न आलेला पाय आधी जमिनीवर टेकवावा. सायकल चालू असतानाच गोळ्याची चाहूल लागली, म्हणजे पोटरीत त्वचेखाली फडफड जाणवू लागली, तर पॅडल खाली असताना काही फेरे टाच मुद्दाम खाली दाबावी. पुष्कळदा एवढ्याने तो टळतो.

गोळा आलाच, तर आखडलेल्या स्नायूला सावकाश ताण देणे हाच खात्रीचा उपाय आहे. पोटरीसाठी गुडघा सरळ ठेवून पावलाची बोटे नडगीकडे ओढावीत. मांडीच्या मागच्या गोळ्यासाठी गुडघा सरळ करून कंबरेतून पुढे वाकावे. मांडीच्या पुढच्या भागासाठी टाच मागे नितंबाकडे न्यावी. झटके देऊ नयेत. हाताला लागणारी दगडासारखी गाठ विरघळेपर्यंत ताण धरून ठेवावा आणि त्यानंतर निदान दहा-पंधरा मिनिटे सौम्य वेगानेच जावे, कारण तो स्नायू बराच वेळ पुन्हा आखडण्याच्या तयारीत असतो.

प्रश्न : मॅग्नेशियमच्या गोळ्या किंवा व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या काकडीचे खारे पाणी यांचा उपयोग होतो का?

उत्तर : मॅग्नेशियमबद्दलचा विश्वास पुराव्यापेक्षा मोठा आहे. वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2020च्या आढाव्यानुसार वयस्करांच्या पेटक्यांवर त्याचा लक्षणीय फायदा होण्याची शक्यता कमी दिसते, आणि व्यायामात येणाऱ्या पेटक्यांवर तर त्याची योग्य चाचणीच आढळली नाही. काकडीच्या पाण्याची गोष्ट वेगळी आणि मला विलक्षण उद्‌बोधक वाटणारी आहे. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात विजेच्या सौम्य धक्क्यांनी पायाच्या अंगठ्याच्या स्नायूत आणलेला पेटका हे पाणी प्यायल्यावर साध्या पाण्याच्या तुलनेत लवकर सुटला, तोही इतक्या लवकर की त्यातले मीठ रक्तात पोहोचणे शक्यच नव्हते. तिखट-आंबट चवीने घशातील मज्जातंतू चेतवले जाऊन स्नायूला जाणारे संदेश शांत होत असावेत, असा तर्क त्यावरून मांडला गेला. रक्तदाबामुळे ज्यांना मीठ वर्ज्य आहे, त्यांनी मात्र हा प्रयोग करू नये.

प्रश्न : माझे वय 61 आहे. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन आणि रक्तदाबासाठी लघवीचे प्रमाण वाढवणारी गोळी सुरू झाल्यापासून सायकल चालवताना पेटके वाढले आहेत. गोळ्या थांबवून पाहू का?

उत्तर : स्वतःहून मुळीच थांबवू नका. दोन्ही औषधांनी स्नायूंचा त्रास होऊ शकतो. पेटके कधी सुरू झाले, ते कोणत्या बाजूला येतात आणि औषध कधी बदलले, हे तारखांसह लिहून आपल्या डॉक्टरांना दाखवा, म्हणजे रक्ततपासणी करून मात्रा किंवा औषध बदलायचे का, हे त्यांना ठरवता येईल. पेटक्यांसाठी क्विनीन हे मलेरियावरचे जुने औषध घेण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो टाळा. गंभीर दुष्परिणामांमुळे अमेरिकेच्या औषध नियामकांनी या वापराविरुद्ध स्पष्ट इशारा दिलेला आहे.

एकच पोटरी सुजून गरम व लाल झाली, लघवी गडद तपकिरी रंगाची झाली, किंवा स्नायूंमध्ये अशक्तपणा जाणवू लागला, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. ठरावीक श्रमानंतर दर वेळी पाय दुखू लागून थांबताच दोन-चार मिनिटांत बरे वाटत असेल, तर तो पेटका नसून पायाच्या रक्तवाहिनीतील अडथळा असू शकतो; अशा वेळी पायाच्या रक्तप्रवाहाची तपासणी करून घेईपर्यंत सायकल बाजूला ठेवा.