आधी खांदा बघा: कपड्यांविषयी वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेल्या प्रश्नांमध्ये सध्या कोणती फॅशन चालू आहे, हे विचारणाऱ्या कमी आहेत. घेतलेला कपडा अंगावर नीट का बसत नाही, हे विचारणाऱ्या जास्त. म्हणून उत्तरांमध्ये फिटिंगलाच जास्त जागा दिली आहे.

प्रश्न: माझी छाती भरलेली आहे. शर्टची बटणं लावली की मधल्या दोन बटणांमध्ये फट पडते. एक साइझ मोठा घेतला तर खांदे उतरतात आणि सगळा शर्ट ढगळ दिसतो. काय करावं?

रेडिमेड शर्टमध्ये साइझ वाढला की छातीबरोबर खांदा, मुंढा आणि कंबरही वाढते. छाती भरलेली असली म्हणून खांद्याची हाडं रुंद नसतात. त्यामुळे एकच साइझ दोन्ही ठिकाणी बसत नाही, यात तुमच्या शरीराचा काही दोष नाही.

निवड करताना कोणती दुरुस्ती सोपी आणि कोणती अवघड, ते आधी बघा. खांदा आत घ्यायचा तर पूर्ण बाही उसवावी लागते, मुंढा, म्हणजे बाही बसते तो गोल काप, नव्याने कापावा लागतो आणि बाही पुन्हा बसवावी लागते. कंबर आत घेणं हे मात्र बाजूच्या दोन शिलाया आणि पाठीवरचे दोन टक्स (कापडाला आकार देणाऱ्या, शिवलेल्या निमुळत्या घड्या) एवढंच काम आहे. म्हणून छातीला मोकळा बसणारा साइझ घ्या आणि कंबर आत घेऊन घ्या. खांद्याची शिलाई अर्ध्या इंचापर्यंत खाली उतरत असेल तर ती खपून जाते. त्याहून जास्त उतरत असेल तर तो शर्ट सोडा आणि रॅग्लन बाहीचा (बाही थेट गळ्यापर्यंत जाते, खांद्यावर शिलाई नसते) किंवा मुद्दाम उतरत्या खांद्याचा बघा. खांद्याचं नेमकं टोक कळत नसेल तर हात बाजूने वर उचला. खांद्याच्या टोकाशी जिथे खळगा पडतो, तिथे शिलाई यायला हवी.

आरशासमोर उभं राहून कापडावरच्या सुरकुत्या बघा. दोष कुठे आहे ते त्याच सांगतात. बटणापासून दोन्ही बाजूंना आडव्या रेषा ताणलेल्या दिसल्या तर छातीला कापड कमी पडतंय. छातीपासून बाजूच्या शिलाईकडे तिरप्या घड्या पडत असतील तर टक्स हवा आहे, किंवा आहे तो चुकीच्या जागी आहे. टक्सचं टोक छातीच्या उंच बिंदूच्या साधारण एक इंच आधी संपलं पाहिजे, भरलेल्या छातीला दीड इंच. ते बिंदूपर्यंत नेलं तर तिथे टोकदार फुगवटा येतो आणि कितीही इस्त्री केली तरी जात नाही.

आता फटीबद्दल. कापड पुरेसं असूनही फट पडत असेल तर बटणांची जागा चुकली आहे. शर्ट घालून छातीच्या सगळ्यात भरलेल्या पातळीवर टाचणी लावा आणि त्या जागी आतून लहान टिचबटण लावा. वरच्या पट्टीवर टाके घालताना सुई फक्त आतल्या पदरातून काढा, म्हणजे बाहेरून दोरा दिसत नाही. आडव्या रेषा असतील तिथे मात्र टिचबटण लावू नका. ताण तसाच राहतो आणि काही दिवसांत बटणाभोवतीचं कापड विरतं.

शिवून घेत असाल तर शिंप्याला दोन गोष्टी आधी सांगा. पहिलं बटण छातीच्या पातळीवर घ्यायचं आणि बाकीची तिथून वर-खाली सारख्या अंतरावर. आणि न ताणणाऱ्या कापडात छातीच्या मापापेक्षा तीन ते चार इंच मोकळीक ठेवायची. माप देताना जी ब्रा घालून तो शर्ट वापरणार तीच अंगात हवी, कारण ब्रा बदलली की छातीची पातळीच वर-खाली होते.

प्रश्न: रुंद पायांच्या पँट सगळीकडे दिसतात. माझी उंची जेमतेम पाच फूट. मी घातली तर आणखी बुटकी दिसेन का?

घाला. उंची कमी दिसते ती पँट चुकीच्या जागी संपली की. रुंद पायाची पँट, ज्या चपला किंवा बूट घालणार ते घालून उभं राहिल्यावर जमिनीपासून अर्धा इंच वर असावी. घोट्याच्या वर संपली की पायाची रेघ तुटते आणि जमिनीला टेकली की काठ झिजतो. याचा अर्थ एका पँटला एकच टाचेची उंची. सपाट चपलेवर कापलेली पँट दोन इंची टाचेवर आखूडच दिसणार, हे कापायला देण्याआधी ठरवा.

पायाच्या तळाचा घेर तुमच्या उंचीला वीस ते बावीस इंच पुरतो. सव्वीसच्या पुढे गेला की पँटच जास्त दिसते आणि तुम्ही कमी. कंबर नाभीच्या जवळ असू द्या. वरचा कपडा खोचा, नाहीतर कमरेच्या हाडापाशी संपणारा घ्या. मांड्यांच्या मध्यावर संपणारा लांब टॉप या पँटवर घातला तर पाय उरतच नाहीत.

कापड पडणारं हवं: क्रेप, व्हिस्कोसची मिश्रणं, मऊ लोकर. कडक डेनिम मांडीपासून बाहेर उभं राहतं आणि बांधा आहे त्याहून रुंद दिसतो. ट्रायल रूममध्ये खिशांकडे नक्की बघा. बाजूच्या खिशांची तोंडं उघडी राहत असतील किंवा पुढच्या चुण्या फाकत असतील तर नितंबांना पँट लहान आहे, मग कंबर कितीही छान बसो. आसनापासून पंख्यासारख्या रेषा निघत असतील तर आसन आखूड आहे. ती दुरुस्ती जवळपास होत नाही, कारण तिथे शिलाईत माया, म्हणजे आतलं जादा कापड, क्वचितच सोडलेली असते.

आणि काठ कापण्याआधी पँट एकदा धुवा, विशेषतः सुती असेल तर. चाळीस इंचाची सुती पँट नुसती तीन टक्के आटली तरी सव्वा इंच जाते. अर्ध्या इंचाचा हिशेब करून कापलेल्या पँटचं पहिल्या धुण्यानंतर काय होणार ते उघड आहे.

फॅशनचं म्हणाल तर पँटचे पाय रुंद होतात, मग अरुंद होतात. १९७०च्या दशकातली बेलबॉटम, नंतरची स्किनी जीन्स, आता पुन्हा रुंद. अगदी टोकाचा आकार घ्यायचा तर एकच घ्या. रोजच्या वापराच्या पँट सरळ पायांच्या ठेवा, त्या दोन्ही काळांत चालतात.

प्रश्न: ऑनलाइन मागवलेले कपडे निम्म्या वेळा परत करावे लागतात. एका कंपनीचा एम दुसरीच्या एलएवढा. माप कसं घ्यायचं?

एम आणि एल ही अक्षरं विसरा. तुम्हाला उत्तम बसणारा एक कपडा घ्या, बटणं लावून तो सपाट टेबलावर पसरा आणि टेपने न ताणता चार मापं लिहून ठेवा: एका खांद्याच्या शिलाईपासून दुसऱ्यापर्यंत, काखेपासून काखेपर्यंत, नितंबांच्या पातळीवरची रुंदी आणि खांद्यापासून काठापर्यंतची लांबी. काखेचं आणि नितंबांचं माप दुप्पट केलं की कपड्याचा घेर मिळतो.

साइझच्या तक्त्यात दोन प्रकारची मापं असतात आणि सगळा गोंधळ तिथेच होतो. काही तक्ते अंगाचं माप देतात, काही कपड्याचं. छाती ३६ लिहिलंय ते तुमच्या छातीचं माप की शिवलेल्या शर्टाचा घेर? ३६ छातीच्या बाईला ३६ घेराचा शर्ट अंगात जाईल, पण हात पुढे करता येणार नाहीत. कपड्याचं माप दिलं असेल तर तुमच्या टेबलावरच्या मापाशी ताडून बघा. तुलना मात्र सारख्या कापडाची करा. टी-शर्टच्या ताणणाऱ्या कापडाचं माप पॉपलिनच्या शर्टाला लावून उपयोग नाही.

फोटोतल्या मुलीची उंची दिली असेल तर ती वाचा. पाच फूट नऊ इंचाच्या मुलीच्या गुडघ्याशी संपणारा कुर्ता पाच फूट दोन इंचाच्या बाईच्या पोटरीवर येतो, आणि पोटरीच्या सगळ्यात जाड भागावर संपणारा काठ बहुतेकांना जड दिसतो. तिथून दोन इंच वर किंवा खाली गेला की फरक लगेच कळतो.

प्रश्न: काळ्या पँटवर काळा टॉप घातला की दोन्ही वेगळेच काळे दिसतात. दुकानात तर जुळले होते.

दुकानातल्या दिव्याखाली जुळले होते. काळ्या रंगात निळी, तपकिरी किंवा हिरवी छटा दडलेली असते, आणि सुती आणि पॉलिएस्टर कापड वेगवेगळ्या प्रकारच्या रंगांनी रंगवतात. दिवा बदलला की ती छटा वर येते. दोन्ही कपडे दिवसा खिडकीशी नेऊन बघा. सुती काळा धुण्यात लवकर विटतो हेही खरं. तंतोतंत जुळवण्याच्या मागे लागण्यापेक्षा पोत मुद्दाम वेगळा घ्या: मंद लोकरी पँटवर चमकदार साटिन, किंवा विणीचा टॉप. मग रंगातला फरक चुकल्यासारखा वाटत नाही.

प्रश्न: पांढऱ्या कुर्त्यातून आतलं दिसतं, म्हणून मी आत पांढरंच घालते. तरी दिसतं.

पांढरं घालता म्हणूनच दिसतं. पातळ कापडातून त्वचा आणि आतला पांढरा यांच्यातला फरक दिसतो. आतले कपडे तुमच्या त्वचेच्या रंगाचे घ्या, शिवण नसलेले असतील तर आणखी बरं. विकत घेताना कुर्त्याच्या आत हात घालून प्रकाशासमोर धरा. बोटं एकेक मोजता आली तर अस्तर लागणार.

प्रश्न: रेयॉनचा कुर्ता पहिल्याच धुण्यात आखूड झाला. परत लांब होईल का?

थोडाफार होईल. रेयॉनचे तंतू पाण्यात फुगतात आणि विणताना ताणले गेलेले धागे सैल होऊन मागे येतात, म्हणून ते कापड आटतं. कुर्ता किंचित दमट असताना उलटा करा, वाफेची इस्त्री फिरवत काठ हळूहळू खाली ओढा आणि सपाटच वाळवा. गेलेली सगळी लांबी परत येत नाही आणि पुढच्या धुण्यात पुन्हा कमी होऊ शकते. काठाला आत दुमडलेलं कापड असेल तर ते उसवून खालून पातळ पट्टी लावून घ्या. नाहीतर त्याच रंगातलं तीन इंचाचं वेगळं कापड जोडा.

पिळू मात्र नका. सुती कापड ओलं झालं की मजबूत होतं, रेयॉन उलट कमकुवत होतं. पिळून ओढलेल्या रेयॉनच्या शिलाया सरकतात, बहुधा काखेत आणि बाजूच्या कटाच्या टोकाशी. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, पाणी निघतं.

प्रश्न: कपाट भरलेलं आहे, पण रोज सकाळी घालायला काही नाही.

बहुतेक अशा कपाटांत वरचे कपडे भरपूर असतात आणि खालचे साधे, एकरंगी कपडे कमी. १९८५ मध्ये अमेरिकन डिझायनर डोना कॅरननी 'सेव्हन ईझी पीसेस' या नावाने एकमेकांवर घालता येतील अशा मोजक्या कपड्यांचा संच आणला. त्यातली कामाची गोष्ट हीच की प्रत्येक वस्तू बाकीच्यांबरोबर चालायला हवी. तीन पँट आणि सहा टॉप, सगळे एकमेकांवर चालणारे, म्हणजे अठरा जोड्या. सहापैकी चार टॉप एकाच पँटवर जात असतील तर ते अठरा कधीच होत नाहीत.

दोन आठवडे रोज घातलेले कपडे वेगळे टांगा. नंतर त्यांच्यातलं सारखं काय ते लिहा: गळ्याचा आकार, बाहीची लांबी, कापड, काठ कुठे येतो. बहुधा तीच दोन-तीन उत्तरं परत परत येतात. तुमचा पेहराव तोच, पुढची खरेदी त्यातच करा. न घातलेल्या प्रत्येक कपड्याचं कारणही लिहा. "बाही टोचते", "बसल्यावर बटण सुटतं", "यावर घालायला पँट नाही". पहिली दोन शिंप्याकडची कामं आहेत. तिसऱ्यासाठी एक पँट घेतली तर एकदम चार टॉप वापरात येतात. कारणच सापडत नसेल तर तो कपडा देऊन टाका.

प्रश्न: रॅप ड्रेसचा, म्हणजे एक पदर दुसऱ्यावर घेऊन कमरेला बांधायच्या ड्रेसचा, गळा वाकलं की उघडतो. सारखी सेफ्टी पिन लावावी लागते.

डिझायनर डायान फॉन फ्युर्स्टेनबर्ग यांनी १९७४ मध्ये लोकप्रिय केलेला हा ड्रेस विणीच्या, ताणणाऱ्या कापडाचा होता, म्हणून तो अंगाला धरून राहायचा. न ताणणाऱ्या कापडात गळ्याची तिरपी कड उरेब, म्हणजे धाग्यांच्या तिरकस दिशेने, कापली जाते, ती वापरात सैल होत जाते आणि पुढे लोंबते. पिनने कापडाला भोकं पडतात, शिवाय ओढ एकाच बिंदूवर येते.

गळ्याच्या कडेला आतून अरुंद सुती फीत लावून घ्या. फीत कडेपेक्षा पाव ते अर्धा इंच आखूड हवी, म्हणजे ढिली कड तिच्यावर सामावून अंगाशी येते. ही चूण छातीच्या वळणापाशी वाटून द्यायची, सगळी एका ठिकाणी घेतली तर कड तिथे गोळा होते. दोन पदर जिथे एकमेकांवर येतात तिथे एक टिचबटण. त्याची जागा मात्र बसून ठरवा, उभं राहून ठरवलेली बसल्यावर दीड-दोन इंच सरकते.