वाचकांचे प्रश्न: 50 पुस्तकांचं टार्गेट आणि कपाटात राहिलेली जाड कादंबरी

या महिन्यात आलेल्या पत्रांमध्ये वर्षभराच्या वाचनाबद्दलची पत्रं इतकी आहेत की बाकीचे विषय पुढच्या अंकासाठी ठेवलेत. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, पण ज्या पत्रांवर मी स्वतः बराच वेळ विचार करत बसले ती इथे घेतेय.

ताई, जानेवारीत ठरवलं होतं की यंदा 50 पुस्तकं वाचायची. डायरीत लिहिलं, मैत्रिणींना पण सांगून ठेवलं. आता वर्ष संपत आलं आणि गाडी 19 वर अडकलीये. गेले दोन महिने मी मुद्दाम बारीक बारीक पुस्तकं शोधून वाचतेय म्हणजे आकडा तरी वाढेल. ‘मृत्युंजय’ वाचायची खूप इच्छा आहे पण ती हातात घेत नाही, कारण तेवढ्या वेळात दुसरी पाच होतील. काहीतरी चुकतंय असं वाटतं. काय करू?

तुमच्या पत्रातलं ‘मृत्युंजय’वालं वाक्य मी तीनदा वाचलं. जे पुस्तक तुम्हाला सगळ्यात जास्त वाचायचंय तेच तुम्ही टाळताय, आणि ते कशामुळे तर वाचनासाठीच ठरवलेल्या टार्गेटमुळे. आकडा धरून बसलं की असंच होतं. मी स्वतः दोन वर्षं हे केलंय, दुसऱ्या वर्षी आकडा पूर्णही झाला, पण डिसेंबरमध्ये लिस्ट समोर ठेवली तेव्हा त्यातल्या दहाबारा पुस्तकांमधलं एकही माणूस मला आठवेना. कादंबरी वाचून माणूस आठवत नसेल तर मग काय वाचलं आपण!

तेव्हापासून मी पुस्तकं मोजणं सोडलं आणि पानं धरली. हिशोब सोपा आहे, रोजची 20 पानं म्हटली तरी वर्षाची 7300 होतात, म्हणजे साधारण अडीचशे पानांची 29 पुस्तकं. पण मग जाड-बारीक हा फरकच उरत नाही, वीस पानं ही वीस पानंच, ती कुठल्याही पुस्तकातली असू देत. आणि एखाद्या दिवशी झाली नाहीत तर नाही झाली, दुसऱ्या दिवशी चाळीस वाचून भरपाई करायची नाही हे मात्र मी पक्कं ठरवून टाकलंय, कारण भरपाईसाठी वाचलेली पानं डोळ्यांखालून नुसती सरकतात.

‘मृत्युंजय’बद्दल सांगते. 1967 साली आलेली ही कादंबरी एका दमात संपवायची म्हटलं तर छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं, पण तिची बांधणीच अशी आहे की ती तुकड्यांनी वाचता येते. नऊ भाग आहेत. चार कर्ण स्वतः सांगतो आणि बाकीचे पाच कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण. प्रत्येक भागाला सांगणारा बदलतो म्हणजे थांबायची जागा लेखकानेच करून दिलीये. एक भाग वाचा, मधे आठवडाभर दुसरं काहीतरी वाचा, मग पुढचा भाग घ्या. मी शोणचा भाग वाचून मुद्दाम चार दिवस थांबले होते, कारण धाकट्या भावाच्या नजरेतून कर्ण बघितल्यावर लगेच दुसऱ्या कोणाचा आवाज मला ऐकायचा नव्हता.

असंच टॉलस्टॉयच्या ‘वॉर अँड पीस’चं. लोक नुसत्या जाडीला घाबरतात. त्यात 361 प्रकरणं आहेत आणि बहुतेक छोटी छोटी. रोज एक वाचलं तर वर्षात पूर्ण होते आणि वर चार दिवस सुट्टी मिळते. तुमच्या 50 च्या जागी पुढच्या वर्षी नुसतं एवढंच लिहा की या दोन कादंबऱ्यांसोबत मी वर्ष काढणार आहे. आणि मैत्रिणींनाही तेच सांगा.

ताई, मी बरंच वाचतो पण लक्षात काही राहत नाही. मित्राने विचारलं की ‘धग’ कशी आहे, तर मी नुसतं ‘भारी आहे’ म्हणालो, पुढे काही सांगताच येईना. वाचूनच सहा महिने झाले होते फक्त. स्मरणशक्ती कमी होतेय का?

अजिबात नाही. विसरणं हे असंच चालतं. हर्मन एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्ये यावरचे प्रयोग छापले होते, त्याने अर्थ नसलेली अक्षरं स्वतःच पाठ करून स्वतःवरच तपासलं की किती काळात किती विसरतं. सगळ्यात जास्त विसरणं अगदी सुरुवातीच्या काही तासांत आणि पहिल्या दिवसात होतं आणि मग त्याचा वेग कमी होत जातो. कादंबरी काही निरर्थक अक्षरं नाहीत, ती त्यापेक्षा खूप जास्त टिकते, पण त्यातून एक कामाची गोष्ट घेण्यासारखी आहे, जे लिहायचं ते त्याच रात्री लिहा. आठवड्याने लिहू म्हटलं की ते गेलं.

काय लिहायचं हे पण सांगते, कारण बहुतेक जण इथेच फसतात. गोष्ट लिहायची नाही, गोष्ट काय कुठेही मिळेल. लेखक कसा आहे, शैली कशी आहे हे पण नको. मी साधी शाळेची दोनशेपानी वही वापरते, तारीख, पुस्तकाचं नाव, पान नंबर आणि फक्त एक दोन ओळी की आज नेमकं कुठे थांबले आणि का. ‘धग’ वाचतानाची माझी एक नोंद अशी आहे, “महादेवचा राग यायला पाहिजे होता, आला नाही. कौतिकचा आला. ही एवढं सगळं का ओढतेय म्हणून. मग स्वतःचाच राग आला.” खाली पेन्सिलने उभी रेघ आहे आणि पुढच्या तारखेला नुसतं लिहिलंय, “आज मोठ्याने वाचलं.” या दोन ओळी वाचल्या की मला अख्खी कादंबरी परत उभी राहते, कौतिकची ती सगळी धडपड, नवऱ्याला, म्हणजे महादेवला, कामाला लावायची, मुलाला शिकवायची, आणि दर वेळी हातातून निसटणारं यश. 

आणि मोठ्याने का वाचलं तर उद्धव शेळक्यांनी 1960 मध्ये ती लिहिली तेव्हा पात्रांच्या तोंडी वऱ्हाडी तशीच ठेवली. मला वऱ्हाडी येत नाही, पहिली वीसेक पानं मी अडखळत होते, मग एका संवादाला दार लावून मोठ्याने वाचून बघितलं आणि शब्द आपोआप जागेवर बसले. डोळ्याला जे अवघड जातं ते कधी कधी कानाला सोपं जातं. पुढच्या वेळी मित्राने विचारलं तर ‘भारी आहे’च्या ऐवजी एक पान वाचून दाखवा त्याला.

ताई, मी अकरावीत आहे. ऑडिओबुक ऐकलेलं ‘वाचलं’ म्हणून लिस्टमध्ये धरायचं का? माझा भाऊ म्हणतो ते चीटिंग आहे.

धर बिनधास्त. तू कोणाची परीक्षा देतेयस का? कादंबरी छापली जायच्या कितीतरी आधीपासून माणसं गोष्टी कानानेच ऐकत आलीयेत. फक्त ऐकताना दुसरं कायतरी स्क्रोल करू नकोस, चालताना नाहीतर कपडे घडी घालताना ऐक, हात गुंतलेले आणि डोकं मोकळं. आणि जे फार आवडेल ते एकदा छापील हातात घेऊन बघ. मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ वाचली नसशील तर ही नक्की छापीलच वाच. नववीतला मुकुंद जोशी ती सांगतो, आणीबाणीचा काळ आहे, आणि त्या बोलण्याचा जो वेग आहे ना तो आपल्याच डोक्यातल्या आवाजात वाचायला मजा येते. तुझ्या वयाला तर ती आत्ता वाचायलाच पाहिजे, दहा वर्षांनी वाचशील तेव्हा ती वेगळी असेल.

ताई, अर्धवट सोडलेल्या कादंबऱ्यांचं काय करायचं? माझ्याकडे चार आहेत, चारहींत वाचनखुणा तशाच आहेत. बघितल्या की अपराधी वाटतं.

वाचनखुणा काढून टाका, पुस्तकं कपाटात परत लावा, विषय संपला. फ्रेंच लेखक दानिएल पेनाक यांनी 1992 मध्ये वाचकाच्या दहा हक्कांची यादीच केली होती, त्यात पुस्तक पूर्ण न करण्याचा हक्क आहे, आणि सगळ्यात पहिला हक्क तर न वाचण्याचाच आहे. मी 50 पानं देते, तोपर्यंत एकाही माणसाचं पुढे काय होणार याची काळजी वाटली नाही तर ठेवून देते. पण ‘सोडलं’ असं लिहीत नाही, ‘नंतर’ असं लिहिते. भालचंद्र नेमाड्यांची ‘हिंदू’ माझ्या वहीत तीन वेळा ‘नंतर’ आहे आणि चौथ्या वेळी मी ती अशी वाचली की जेवायला हाक मारलेली ऐकू येत नव्हती. कादंबरी तीच होती, फक्त मधल्या वर्षांत माझ्या घरातली दोन म्हातारी माणसं गेली होती आणि खंडेराव बापासाठी घरी परत येतो तिथून मी आत शिरले.

ताई, तुमच्याशी भांडायचंय. तुम्ही दर वेळी ‘पुन्हा वाचा’ म्हणता म्हणून मी ‘ययाति’ पुन्हा वाचली. सतराव्या वर्षी ती माझी सगळ्यात लाडकी कादंबरी होती, वाक्यंच्या वाक्यं पाठ होती. आता पंचेचाळिसाव्या वर्षी वाचली आणि मला ती फार सजवलेली वाटली, मधे मधे कंटाळा पण आला. एक जुना मित्र गमावल्यासारखं झालं. पुन्हा वाचली नसती तर बरं झालं असतं.

तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं, खरंच. हे माझ्या बाबतीतही झालंय, दुसऱ्या एका कादंबरीबद्दल, आणि मी महिनाभर कोणाला सांगितलं नव्हतं. त्यामुळे ‘असं काही नसतं’ म्हणून तुमची समजूत घालणार नाही. भाषा सजवलेली आहेच, 1959 ची कादंबरी आहे आणि खांडेकरांचा तो पिंडच होता. सतराव्या वर्षी आपल्यालाही तसंच बोलावंसं वाटतं म्हणून ती भिडते, पंचेचाळिसाव्या वर्षी बोलण्याची तऱ्हाच बदललेली असते.

पण एक विचारू? या वेळी तुम्ही ती कोणाच्या बाजूने वाचलीत? ती तिघं सांगतात ना, ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा. पहिल्या वेळी बहुतेक जण ययातिसोबतच चालतात, नावच त्याचं आहे. मी दुसऱ्यांदा वाचली तेव्हा मुद्दाम फक्त देवयानीचे भाग आधी सलग वाचून काढले, पानं उलटसुलट करून, आणि जिला मी इतकी वर्षं नुसती गर्विष्ठ, चिडकी बाई समजत होते तिचं कचावर प्रेम होतं आणि तो निघून गेला ही जखम पहिल्यांदा नीट दिसली. सजवलेलं वाक्य तेव्हाही खटकत होतं, पण त्याच्या मागे बसलेली बाई दिसत होती.

तरी नाहीच जमलं तर राहू द्या. सतराव्या वर्षीचं ते वाचन खोटं होत नाही. तुम्ही मोठ्या झालात म्हणून त्या मुलीला चुकीचं ठरवायचं काही कारण नाही. ती पाठ वाक्यं अजून येतात का तुम्हाला? येत असतील तर एकदा लिहून काढा, पुस्तक न बघता, आणि मग पुस्तकाशी ताडून बघा. जिथे तुमचं वाक्य वेगळं निघेल ना ती जागा बघण्यासारखी असते, तिथे तुम्ही काय बदललंत ते मला कळवा.

नमस्कार ताई. माझ्या आईला आता वाचायला दिसत नाही. आयुष्यभर ती वाचत आली. मी रोज रात्री अर्धा तास तिला वाचून दाखवायचं ठरवलंय, तेच माझं यंदाचं गोल. मी स्वतः फारसा वाचणारा नाही. सुरुवात कशाने करू, आणि कसं वाचू?

या महिन्यात आलेल्या सगळ्या पत्रांमध्ये हे गोल मला सगळ्यात आवडलं.

कानाने ऐकायला ज्या कादंबऱ्यांमध्ये कोणीतरी ‘मी’ म्हणून सांगतंय त्या सोप्या जातात, कारण त्या मुळातच बोलल्यासारख्या असतात. ‘बनगरवाडी’ने सुरुवात करा. 1955 ची, छोटी आहे, वाक्यं छोटी आहेत, तुम्हाला वाचायची सवय नसली तरी जीभ अडकणार नाही. धनगरांच्या वस्तीवर आलेला तरुण मास्तर ती सांगतो आणि वस्तीतली माणसं एकेक करून येत जातात, त्यामुळे आदल्या रात्रीचं थोडं विसरलं तरी धागा तुटत नाही. शेवट जवळ आला की दुष्काळ येतो, तो भाग एका रात्रीत संपवू नका, दोनतीन रात्री घ्या.

त्यानंतर ‘पण लक्षात कोण घेतो’ घ्या. हरिभाऊ आपट्यांनी ती 1890 पासून ‘करमणूक’ या साप्ताहिकात क्रमशः छापली होती, म्हणजे पहिल्या वाचकांनीही ती एकदम नाही, आठवड्याआठवड्याने वाट बघतच वाचली. यमू आपली हकिकत स्वतः सांगते. भाषा जुनी आहे, तुम्ही अडखळाल, पण आईला विचारा, ती अर्थ सांगेल. तिने ती आधी वाचलेली असण्याची शक्यता पण बरीच आहे, असेल तर फारच छान, मग ती तुम्हाला मधेच थांबवून पुढचं सांगायला लागेल, तेव्हा सांगू द्या, पुस्तक बंद करून ऐका.

वाचायचं कसं तर सावकाश, तुम्हाला वाटतं त्यापेक्षा पण सावकाश. आवाज बदलून नाटक करायची गरज नाही, फक्त कोण बोलतंय ते कळेल एवढं थांबा. आणि प्रकरण संपेपर्यंत वाचायचं असा नियम करू नका. ती झोपी गेली असं वाटलं तरी चालू वाक्य पूर्ण करा, त्या पानावर पेन्सिलने बारीक खूण करा, आणि दुसऱ्या रात्री त्या खुणेच्या अर्धं पान आधीपासून सुरू करा.