आईचा सीआरपी २४ आला, म्हणून लगेच घाबरू नका

तुम्ही लिहिलंय: आई ६२ वर्षांची, सीआरपी (शरीरात दाह, म्हणजे आतली सूज असली की रक्तात वाढणारं प्रथिन) २४, ईएसआर (दाहाचीच दुसरी रक्तचाचणी) ४८, हिमोग्लोबिन ९.८. ताप नाही, पण आठवड्यापूर्वी सुरू झालेला खोकला अजून थोडा आहे. आणि रात्रभर कॅन्सरबद्दल वाचत बसलात. तुमची अवस्था मला समजते. संधिवातामुळे गेली अकरा वर्षं मी सीआरपी आणि ईएसआर हे दोन आकडे घेऊन जगते आहे.

पहिल्यांदा सीआरपीच्या आकड्यापुढचं एकक बघा. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही प्रति डेसिलिटरमध्ये, आणि दोन्हींत दहापटीचा फरक पडतो. माझा २.१ मी एकदा नॉर्मल समजून बसले होते, प्रत्यक्षात तो २१ होता. तुमचा २४ प्रति लिटर असेल तर वाढ मध्यम आहे. जिवाणूंच्या मोठ्या संसर्गात तो बऱ्याचदा शंभरापलीकडे जातो.

सीआरपी यकृतात तयार होतो. शरीरात कुठेही दाह सुरू झाला की काही तासांत चढतो, साधारण दोन दिवसांत शिखर गाठतो, आणि कारण संपलं की दर १९ तासांनी जवळजवळ निम्मा होत उतरतो. दाह कुठे आहे हे तो सांगत नाही. छाती, हिरड्या, सांधे, लघवीचा मार्ग, काहीही असू शकतं. म्हणून एका रिपोर्टपेक्षा दोन रिपोर्टांमधला फरक मला जास्त मोलाचा वाटतो. खोकला पूर्ण गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी, शक्यतो त्याच लॅबमध्ये, पुन्हा तपासायचं का हे डॉक्टरांना विचारा. खोकला गेला आणि आकडा तसाच राहिला, तर मात्र कारण शोधायलाच हवं.

ईएसआरचं गणित वेगळं. तांबड्या पेशी नळीत तासाभरात किती मिलिमीटर खाली बसतात, तेवढंच तो मोजतो. वयानुसार तो वाढतो. स्त्रियांसाठी ढोबळ मर्यादा काढताना वयात १० मिळवून निम्मे करतात, म्हणजे आईसाठी ३६. त्यात रक्त कमी असलं की तो आणखी वर जातो, आणि आईचं हिमोग्लोबिन कमीच आहे. मला तर त्या ९.८ चीच जास्त काळजी वाटते. त्याचं कारण वेगळं विचारा, ते राहून जाऊ देऊ नका.

आईला नीट विचारा: वजन उतरलंय का, रात्री घाम येतो का, सकाळी सांधे तासभर आखडलेले राहतात का? हे असेल तर दोन-तीन आठवडे थांबू नका, आधीच दाखवा. कानशिलात नवी डोकेदुखी, चावताना जबडा दुखणं किंवा नजर अंधुक होणं, यातलं काही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. या वयात डोक्याच्या रक्तवाहिन्यांचा दाह नजर घालवू शकतो.

घरात उरलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या मनाने देऊ नका. आकडा खाली येईल, आजार झाकला जाईल. आणि जाताना जुने रिपोर्ट जरूर न्या, हिमोग्लोबिन कधीपासून घसरतंय ते त्यातूनच कळेल.