कोरडवाहू गव्हाला एकच पाणी देता येणार असेल तर ते कधी द्यावं?

तुम्ही लिहिलंय की काळ्या रानात तीन एकर गहू 1 नोव्हेंबरला पेरलाय, शेततळ्यात साधारण चार लाख लिटर पाणी उरलंय, आणि सगळे 21 व्या दिवशी पाणी द्या म्हणतात.

दादा, 21 दिवसांचा सल्ला खोटा नाही. मुकुटमुळं, म्हणजे खोडाच्या बुडाशी येणारी कायमची मुळं, तेव्हाच फुटतात. पण तो सल्ला पुढची चार पाणी हाताशी असणाऱ्याचा आहे. एकच पाणी असेल तर ते 40 ते 42 दिवसांनी, कांडी धरताना, म्हणजे खोडाला पेरं पडू लागताना द्यायचं. आपल्याकडची शिफारसही तीच आहे. म्हणजे तुमचा दिवस 11 ते 13 डिसेंबर.

हे मी चुकून शिकलो. पहिल्या वर्षी 21 व्या दिवशी तळं रिकामं केलं. गहू असा फुटला की बांधावरून जाणारे थांबून बघायचे. जानेवारीत ओल खाली गेली आणि निम्मे फुटवे ओंबी न काढताच वाळले. उरलेल्यांचा दाणा चिमला. पंगतीला गाव बोलावलं अन् भात निम्म्यालाच संपला, तसली गत. भारी काळ्या रानात परतीच्या पावसाची ओल कोवळ्या गव्हाला महिनाभर सांभाळून नेते. टंचाई नंतर येते. रान हलकं, मुरमाड असतं तर मी इतक्या खात्रीनं सांगितलं नसतं.

आता हिशेब. एकरभर रानावर 5 सेंटिमीटर पाणी म्हणजे दोन लाख लिटर. तुमच्याकडे दोन एकरांचं पाणी आहे, तेही तुषार संचानं दिलं तर. पाटानं सोडलंत तर भेगाच आधी पितात आणि एका एकरातच तळ दिसतो. शिवाय तळ्याला प्लास्टिकचा कागद अंथरलेला नसेल तर डिसेंबरपर्यंत पाझरून आणि उडून बरंच जाईल, म्हणून आदल्या आठवड्यात पुन्हा मोजा: लांबी, रुंदी, खोली मीटरमध्ये गुणा, येईल त्याला हजारानं गुणा. तळ्याच्या बाजू उतरत्या असतात, तेव्हा लांबी-रुंदी पाण्याच्या मधल्या उंचीवरची धरा. तिसरा एकर कोरडाच राहू द्या. पुढच्या वर्षी तिथं हरभरा घ्या, तो कमी ओलीवर निभावतो.

पेरताना सगळा युरिया टाकला नसेल तर थोडा या पाण्याच्या वेळी द्या. आणि डिसेंबरच्या सुरुवातीला चांगला अवकाळी झालाच, तर घाई नको. तळं राखून ठेवा आणि 60 ते 65 दिवसांनी, फुलोरा येऊन दाण्यात चीक भरायच्या वेळी द्या.

संच पहाटे चालू करा, वारा पडलेला असताना. दुपारी लावाल तर तुमचं पाणी शेजाऱ्याच्या तुरीवर.