बंबात जातं, की तुम्ही घालता?

प्रश्न: वय ४७, लग्नाला २३ वर्षं झाली. वेंगुर्ल्याजवळच्या गावात राहते, घरचा आंबा-काजूचा व्याप आहे. पुण्याच्या मुलीने पाडव्याला चामड्याच्या पुठ्ठ्याची डायरी पाठवली, 'आई, रोज मनातलं लिही' म्हणून. चार महिन्यांत पहिल्या पानावर नावापलीकडे काही नाही. लिहायला बसले की सासूबाईंची हाक येते. नवरा म्हणतो, आता लेखिका होणार वाटतं! एरवी माझं लिहिणं म्हणजे कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाखाली 'सुरंगीचा वास आला, झाड दिसलं नाही' असलं काहीतरी. त्यावरही सासूबाई विचारतात, 'दुधाच्या हिशोबात ह्यां कित्याक?' वर्ष संपलं की ते बंबात जातं. पाच हजारांचा एक ऑनलाइन कोर्स आहे, व्यक्त कसं व्हावं याचा. करू का?
– कोरी डायरी

कोऱ्या डायरीबाई,

'बंबात जातं' म्हणे. स्वतःच्या पायांनी चालत जातं का? खिळ्यावरून काढून, सुरळी करून काडी लावणारा हात कुणाचा? दरवर्षी हेच करत असाल तर दोन डझन कॅलेंडरांवर तुम्ही आंघोळीचं पाणी तापवलंत. आणि मला विचारता, व्यक्त कसं व्हावं?

सुरंगी पाहिली नाही त्याला सांगते: ती शेंड्याला मिरवत नाही, जून फांदीला बिलगून फुलते. पहाटे कळ्या काढून वळेसर, म्हणजे गजरे, करतात, ते बाजारात येतात तेव्हा कुठे ती लोकांना दिसते. त्याआधी नुसता वास. हे सगळं तुम्ही सहा शब्दांत लिहिलंत, तेही 'दीड लिटर'च्या खाली. पाच हजार भरून याहून बरं काय येणार आहे, मला कळत नाही.

मालवणच्या जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली कालनिर्णय काढलं, ते चतुर्थी-एकादशी कळावी म्हणून. बायकांनी त्याच चौकोनांत काय काय बसवलं! गॅस कधी लावला, बाळाचा डोस, धोब्याचे कपडे, आणि पाळीची बारीकशी फुली, बाप्यांना कळू नये अशी. तिथे कुणी 'लेखिका' होत नाही, म्हणून हात मोकळा चालतो. डायरी उघडली की माणूस शहाणपणा करायला बसतो. तुमचं तेच झालंय.

आता सासूबाई. त्यांच्यावर चिडून लिहिलंत खरं, पण 'ह्यां कित्याक' विचारायला आधी वाचावं लागतं. डायरी पाठवली लेकीने, ओळ वाचली सासूने. घरात एकच वाचक आहे आणि तिच्याकडे तुम्ही तोंड वाकडं करून बघता. नवऱ्याच्या टोमण्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, तो फुकट आहे.

कोर्स करायचा नाही. आज रात्री जेवणं आटोपली की कॅलेंडर खाली घ्या आणि जानेवारीपासून एकेक पान उलटत, दुधाशेजारी जे जे सापडेल ते तारखेसकट त्या चामड्याच्या डायरीत उतरवा. सुधारायचं नाही, वाढवायचं नाही, दूध दीड लिटर असेल तर तेही राहू दे. जूनच्या पानाशी जरा थांबा. १ जूनला यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद होते, होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारतात, ३१ जुलैपर्यंत बंदरावरची घरघर थांबते. तुमच्यासारख्या बाईने ते ६१ दिवस एकही ओळ लिहिली नसेल, हे मला खरं वाटत नाही.

कुठे अक्षर लागलं नाही, तर सासूबाईंना विचारा. त्यांना आठवत असेल.

आणि बंबाला यंदा नारळाची सोडणं घाला. मागच्या पडवीत ढीग असेलच.