८५ टक्के असून अकरावीला आर्ट्स घेतलं तर मार्क वाया जातात का?

नाही, अजिबात नाही, आवड असेल तर बिनधास्त घे. मी ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवते, आमची पोरं पानिपतावरची मराठी बखर आणि अवधच्या नवाब शुजाच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताच्या फारसी वृत्तांताचा अनुवाद शेजारी ठेवून वाचतात आणि कुणाचं किती खरं धरायचं यावर चक्क भांडतात, हे गाईड पाठ करून येत नाही आणि वकिली, पत्रकारिता, यूपीएससी सगळीकडे हेच लागतं (मेन्सला नुसता निबंधाचा पेपरच २५० मार्कांचा). फक्त गणित सोडताना विचार कर, दिल्ली विद्यापीठात बीए ऑनर्स इकॉनॉमिक्सला ते लागतं, आणि आपल्याकडे काही कॉलेजात आर्ट्सलाही गणित घेता येतं, फॉर्म भरायच्या आधी तेवढं विचारून घे.